पाठ गार पडते ती कशाने? दुहेरी कापडाचा हॅमॉक आणि त्यात घालायची मॅट

बेळगाव : दिवाळी झाली, पाऊस पुरता उघडला, की बेळगाव-खानापूरकडची तरुण मंडळी शनिवारी दुपारी दुचाक्या काढतात. कुणी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, कुणी आंबोलीला, कुणी तिलारीकडे ओळखीच्या शेतावर मुक्कामाला. पूर्वी सोबत एखादी ताडपत्री आणि घरातली वाकळ असायची. आता सॅकमध्ये नारळाएवढी एक पिशवी असते. ती उघडली की आतून पॅराशूटच्या कापडाचा झुला निघतो. दोन झाडं बघायची, पट्टे अडकवायचे आणि आडवं व्हायचं. खाली दगड टोचत नाहीत, मुंग्या नाहीत, ओल नाही.

दुपारी तासभर यात झकास झोप लागते. खरी परीक्षा पहाटे तीन वाजता होते. अंगावर जाड ब्लँकेट आहे, कानटोपी आहे, तरी पाठ गार पडलेली. "खालनं गार येतंय" म्हणत एकेक जण उठतो आणि शेकोटीपाशी जाऊन बसतो. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल, आणि तसंच घाटातून गाडी चालवत घरी यायचं. न झोपलेल्या माणसानं घाटात गाडी चालवणं किती धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

यावर उपाय आहे आणि तो फार महागही नाही : दुहेरी कापडाचा हॅमॉक आणि दोन कापडांच्या मधे घातलेली मॅट. पण घेताना आणि बांधताना काही गोष्टी कळल्या नाहीत, तर पैसे जातात आणि थंडी तशीच राहते.

थंडी खालून का लागते?

ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅग स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब शरीराची असते. कापूस, लोकर किंवा फायबर यांच्यात अडकलेली हवा ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. म्हणून फुगलेली दुलई गरम लागते आणि वर्षानुवर्षं वापरून चपटी झालेली लागत नाही.

हॅमॉकमध्ये माणूस झोपला की अंगाखाली आलेली स्लीपिंग बॅग त्याच्याच वजनानं दाबली जाते. तिच्यातली हवा निघून जाते. मग पाठ आणि बाहेरची हवा यांच्यात उरतं ते पातळ नायलॉनचं कापड. जमिनीवर झोपलं तर खालची जमीन गार असली तरी निदान वारा खालून वाहत नाही. हॅमॉकला मात्र चारही बाजूंनी वारा लागतो आणि तो खालची ऊब सतत ओढून नेतो. गरम चहा बशीत ओतून फुंकर मारली की लवकर निवतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून वरून दोन ब्लँकेटं जास्त घेऊन उपयोग होत नाही. अडसर खाली पाहिजे, आणि तोही वजनानं दबणार नाही असा. हॅमॉक वापरणाऱ्यांचा साधा ठोकताळा असा, की पारा २० अंशांच्या खाली जाणार असेल तर खाली काहीतरी हवंच. डिसेंबर-जानेवारीत बेळगाव भागात पहाटेचा पारा १२ ते १४ अंशांपर्यंत उतरतो. उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडावर तो आणखी झोंबतो.

'डबल' आणि 'डबल लेयर' एक नव्हे

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथं होते. पाकिटावर 'डबल' लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की कापड दुहेरी आहे. 'डबल'चा अर्थ बहुतेक वेळा दोन माणसं बसतील एवढा रुंद, एवढाच असतो. कापड एकेरीच.

'डबल लेयर' म्हणजे एकावर एक अशी दोन कापडं, कडेनं शिवलेली, आणि एका बाजूला आत हात घालता येईल अशी फट. उशीचा अभ्रा असतो ना, तसंच. त्या फटीतून मॅट आत सरकवायची. माणूस वरच्या कापडावर झोपतो, मॅट मधे राहते, खालचं कापड तिला धरून ठेवतं.

म्हणून घेताना फट कुठं आहे ते हात घालून बघावं. काही हॅमॉकमध्ये कापडं दुहेरी असतात पण चारही बाजूंनी शिवून बंद असतात. त्याचा मॅटसाठी काही उपयोग नाही. फट पुरेशी लांब आहे का, चेन किंवा वेल्क्रो आहे का, तेही बघावं.

खरं तर ही कल्पना आपल्याकडं नवी नाही. ऊस तोडायला किंवा भात कापायला गेलेली बाई बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी बांधते आणि लेकराला ठेवण्याआधी तिच्यात घडी करून वाकळ घालते. पाठीला गार लागू नये आणि कापड रुतू नये, हाच हिशेब. फरक एवढाच, की लेकरू जागेवर राहतं आणि मोठा माणूस रात्रभर कूस बदलतो.

एकेरी कापडात मॅट का टिकत नाही?

एकेरी हॅमॉकमध्ये मॅट टाकून झोपून बघितलेल्यांना उत्तर माहीत आहे. हॅमॉकचं कापड गुळगुळीत, मॅटही गुळगुळीत. एक कूस बदलली की मॅट एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला. रात्रीत चार-पाच वेळा उठून ती सरळ करावी लागते. पहाटे ती बाहेर पडलेलीच सापडते.

दुहेरी कापडात मॅट दोन्हींच्या मधे दाबून राहते, त्यामुळं फारशी सरकत नाही. आणखी दोन फायदे आहेत. पहिला, मॅटमधून हवा आणि घाम जात नाही. तिच्यावर थेट झोपलं तर पाठ चिकट होते आणि तोच ओलावा पहाटे गार पडतो. मधे कापडाचा थर असला की तेवढा त्रास होत नाही. दुसरा फायदा डासांचा. एकेरी ताणलेल्या कापडातून डास खालून सहज चावतात. वरून मच्छरदाणी लावूनही पाठीवर फोड उठतात ते यामुळंच. मधे मॅट असली की खालचा मारा थांबतो. वरून मच्छरदाणी मात्र लागतेच.

तोटा म्हणजे वजन. एका जादा कापडानं साधारण २०० ते ३०० ग्रॅम वाढतात. उन्हाळ्यात दुहेरी कापड गरमही होतं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये झोपायचं असेल, तर एकेरी कापड आणि मच्छरदाणी पुरते.

मॅट कुठली घ्यावी?

बाजारात मुख्य दोन जाती. एक फोमची, दुसरी हवा भरायची.

फोमची मॅट स्वस्त. काही शे रुपयांत मिळते, पंक्चर होत नाही, गाडीवर कशीही बांधता येते. पण जागा खाते. हवेची मॅट मुठीएवढी होते, जास्त गरम असते, पण काही हजारांत जाते आणि काटा लागला की रात्र वाया. हवेच्या मॅटवर झोपणाऱ्यानं पंक्चरचं सामान जवळ ठेवावं.

घेताना 'आर-व्हॅल्यू' नावाचा आकडा विचारावा. मॅट ऊब किती अडवते त्याचं हे माप. आकडा मोठा तेवढी मॅट गरम. हा आकडा मोजायची एकसारखी पद्धत अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं २०१८ साली आणली, त्यामुळं आता दोन कंपन्यांच्या मॅट शेजारी ठेवून तुलना करता येते. योगासाठी विकली जाणारी पातळ मॅट या मापात एकच्या खालीच बसते. साधारण दोन सेंटिमीटर जाडीची, खाचा-खळग्यांची घडीची फोम मॅट दोनच्या आसपास जाते. आपल्याकडच्या हिवाळ्याला दोन ते तीन पुरतात.

कमी पैशातला मार्ग असा, की हे आकडे बेरजेनं वाढतात. एकाची एक आणि दुसरीची दीड, अशा दोन मॅट एकावर एक ठेवल्या की अडीच होतात. घरात आधीच एक पातळ मॅट असेल तर तशीच दुसरी आणावी. हवेच्या महागड्या मॅटची घाई नको.

रुंदीकडंही लक्ष हवं. नेहमीची मॅट साधारण ५१ सेंटिमीटर रुंद असते. जमिनीवर ती पुरते. हॅमॉकमध्ये मात्र कापड दोन्ही बाजूंनी वर वळतं आणि खांदे त्याला टेकतात. पाठ गरम आणि खांदे गार, अशी गत होते. म्हणून मिळाली तर ६३-६४ सेंटिमीटर रुंदीची घ्यावी. नाहीतर फोमचा हातभर लांब तुकडा कापून खांद्याखाली आडवा घालावा. आकार चौकोनी बरा. पायाकडं निमुळती होणारी मॅट हॅमॉकमध्ये तिरकं झोपल्यावर कमी पडते.

घालायची कशी?

आधी हॅमॉक बांधून घ्यावा, मग मॅट. जमिनीवर पसरून मॅट घालायला गेलं तर कापडाला माती आणि काटे लागतात.

हवेची मॅट असेल तर अर्धीच फुगवून फटीतून आत सारावी. पूर्ण फुगवलेली मॅट फळीसारखी ताठ होते, हॅमॉकचा बाक घेत नाही आणि माणूस तिच्यावरून घसरतो. आत गेल्यावर थोडी हवा भरावी, आडवं होऊन अंदाज घ्यावा, जास्त वाटली तर झडप उघडून हळूच सोडावी. कंबर खाली टेकणार नाही एवढी हवा पुरे.

मॅट सरळ मधोमध ठेवू नये. हॅमॉकमध्ये केळीच्या घडासारखं वाकून सरळ रेषेत झोपलं की सकाळी कंबर धरते. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, असं थोडं तिरकं झोपलं की कापड सपाट होतं आणि पाठ बरीच सरळ राहते. मॅटही त्याच तिरक्या रेषेत लावावी. कुठल्या बाजूला तिरकं झोपायचं ते प्रत्येकाचं वेगळं. दोन्ही बाजू करून बघाव्यात.

आत जाताना आधी मधोमध बसायचं, मग पाय घ्यायचे. गुडघा टेकवून चढायला गेलं की मॅट सरकते आणि माणूस पलीकडं पडतो.

सकाळी मॅट बाहेर काढून दोन्ही कापडं वाळवावीत. रात्रीचा दमटपणा मधे साठतो. तसाच गुंडाळून ठेवला तर पुढच्या खेपेला बुरशीचा वास येतो.

ताणाचा हिशेब

थंडीपेक्षा मोठा धोका पडण्याचा आहे. हॅमॉक तंग बांधला की सपाट आणि आरामाचा होईल, असा गैरसमज आहे. प्रत्यक्षात उलट होतं. पट्टा जितका आडवा, तितका ताण जास्त.

७० किलोचा माणूस धरा. पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंश खाली उतरत असेल, तर प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर आणि झाडावर ७० किलोचाच ताण येतो. कोन १५ अंश केला की तो सुमारे १३५ किलो होतो. १० अंशांवर २०० किलो. ५ अंशांवर तब्बल ४०० किलो. माणूस तोच, वजन तेच. वाढवला तो फक्त तंगपणा. त्यात धपकन बसलं की ताण आणखी चढतो.

म्हणून ३० अंश हा नियम. मोजायला सोपं : अंगठा वर आणि पहिलं बोट आडवं धरून काटकोन करायचा. बोटाच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत जी तिरकी रेषा होते, साधारण त्या उताराचा पट्टा हवा. झाडांत १२ ते १५ फुटांचं अंतर असावं. पट्टा छातीच्या वर ते डोक्याच्या उंचीपर्यंत बांधावा. माणूस बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास असावं. त्याहून उंच बांधण्यात शहाणपणा नाही. एकावर एक दोन-तीन हॅमॉक बांधून फोटो काढायची टूम तर सरळ दवाखान्यात नेणारी आहे.

कापड दुहेरी आहे म्हणजे वजन दुप्पट पेलेल, असंही धरू नये. तुटायचं ते सगळ्यात कमजोर ठिकाणी तुटतं. बहुतेक वेळा ते ठिकाण म्हणजे दोरी, गाठ किंवा स्वस्तातला हूक. लेबलवर लिहिलेलं वजन पाळावं आणि दर वेळी झोपण्याआधी हातानं दाबून, मग बसून बघावं.

काय बांधायला चालतं, काय नाही

झाड जिवंत आणि निदान मांडीएवढं जाड हवं. आंबा, जांभूळ, साग, मत्ती ही भरवशाची. शेवगा, पांगारा, पपई अजिबात नको. निलगिरीच्या फांद्या वारा नसतानाही मोडून पडतात. वर मान करून बघायची सवय लावावी. वाळकी फांदी, मधमाशांचं पोळं, नारळ, फणस यांच्याखाली हॅमॉक नको. गोव्याच्या किनाऱ्यावर दोन माडांच्या मधला झुला चित्रात छान दिसतो, पण वरचे नारळ उतरवलेले आहेत का ते आधी विचारावं.

बारीक नायलॉनची दोरी सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर कापते. त्यानं झाड सुकतं. किमान एक इंच, शक्य तर दोन इंच रुंद पॉलिस्टरचे पट्टे वापरावेत. नायलॉनचा पट्टा ताणतो, त्यामुळं रात्री चांगला बांधलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकतो.

फार्महाऊसवर मुक्काम असला की अनेक जण व्हरांड्याच्या चिऱ्याच्या किंवा विटांच्या खांबाला हॅमॉक बांधतात. हे टाळावंच. असा खांब वरचं वजन पेलायला बांधलेला असतो, बाजूची ओढ सोसायला नव्हे. २०२० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हॅमॉक बांधलेला विटांचा खांब अंगावर कोसळून दोन सख्ख्या बहिणींचा जीव गेला. फाटकाचे सुटे खांब आणि कंपाऊंडची भिंत यांनाही हाच नियम.

गोचीड, गवे आणि परवानगी

सीमाभागात रानात झोपणाऱ्यांनी माकडतापाची आठवण ठेवावी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा रोग गेल्या दशकात गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही आढळला. तो गोचिडीच्या चाव्यानं होतो. गोचिडी पाचोळ्यात, गवतात असतात आणि पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत त्यांचा जोर असतो. हॅमॉकमुळं अंग पाचोळ्यापासून वर राहतं, हा फायदा खरा. पण फिरताना, लाकडं गोळा करताना, जमिनीवर बसून जेवताना गोचीड लागायची ती लागतेच. पूर्ण बाह्या, पायात मोजे, सॅक आणि बूट टांगून ठेवणं आणि घरी आल्यावर अंग नीट तपासणं, एवढं करावं. आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगावं.

खानापूर तालुक्यातलं भीमगड आणि चोर्ल्याच्या पलीकडचं म्हादई ही अभयारण्यं आहेत. तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. गवे, अस्वलं यांच्या वाटेवर दोन झाडांच्या मधे कापडात गुंडाळून पडणं हे धाडस नव्हे. मालकाला विचारून शेतात, किंवा परवानगीच्या कॅम्पच्या जागेवर बांधावं.

आणखी एक. बाजल्याखाली शेगडी ठेवतात तशी हॅमॉकखाली शेगडी किंवा निखारे ठेवू नयेत. नायलॉन पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं. चारही बाजूंनी ताडपत्री ओढून आत कोळसा ठेवला, तर त्याच्या विषारी वायूनं झोपेतच जीव जाऊ शकतो. शेकोटी दहा-बारा पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला असावी.

घेण्याआधी घरी एक रात्र

पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास असलेल्यांना आणि पालथं झोपायची सवय असलेल्यांना हॅमॉक मानवेलच असं नाही. तान्ह्या बाळाला त्यात एकटं झोपवू नये. दोन माणसांनी एका हॅमॉकमध्ये रात्र काढायचं म्हटलं तर दोघंही मधे गोळा होतात, आणि मॅट कुणाच्याच खाली राहत नाही. दुपारी गप्पा मारायला दोघं, झोपायला एकेकटा.

नवा हॅमॉक आणि मॅट घेऊन थेट रानात जाऊ नये. परसात किंवा ओळखीच्या आंब्याच्या बागेत एक रात्र काढून बघावी. पहाटे पाठ गार पडली, तर कुठं गार पडली ते लक्षात ठेवायचं. खांदे गार पडले तर आडवा तुकडा कमी पडला. कंबर गार पडली तर हवा कमी झाली. पाय गार पडले तर मॅट तिरकी लागली नाही. सगळंच गार पडलं तर मॅट पातळ आहे, दुसरी जोडावी. थंडी फारच झाली, तर घराचं दार चार पावलांवर असतं. रानात पहाटे तीन वाजता ते नसतं.